भाजलेल्या मुळांची बिनकॅफीन कॉफी : एक पावसाळा काढल्यानंतर

मिक्सरचं छोटं भांडं सर्व्हिस सेंटरमधून ‘वॉरंटीत बसत नाही’ असा शेरा घेऊन परत आलं, तेव्हाच ठरवलं की आता हे सविस्तर लिहायचं. चिकोरी म्हणजे कासनी या झाडाचं मूळ, भाजून कॉफीच्या पुडीत मिसळतात ते, हे तुम्हाला माहीत असणारच. मी लिहितेय ते कॉफीचा एकही दाणा न घालता, नुसत्या भाजलेल्या मुळांची कॉफी पुण्यातल्या घरात रोज केली तर काय होतं त्याबद्दल. निकाल आधीच सांगून टाकते. चवीला चांगली, खिशाला स्वस्त, झोपेला निर्धोक. पण दमट हवेत ती टिकत नाही, आणि याबद्दल पाकिटावर एक अक्षरही नसतं.

सुरुवात झाली संध्याकाळच्या कॉफीमुळे. कॅफीनचा अर्धा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. सहाला कप घेतला तर रात्री अकराला त्यातलं निम्मं अजून अंगात असतं. माझी झोप त्यामुळेच उडत होती. डिकॅफ, म्हणजे कॅफीन काढून टाकलेली कॉफी, महाग पडते आणि तिच्यातही थोडं कॅफीन उरतंच. म्हणून आधी ‘हर्बल कॉफी’ म्हणून विकतात ती तयार बरणी आणली. पुढे सुवर्णाक्षरांत प्राचीन परंपरेचा उल्लेख आणि मागे बारीक अक्षरांत घटक : भाजलेली चिकोरी, थोडी दालचिनी, नैसर्गिक स्वाद. मला याचा खरोखर राग येतो. कॉफीऐवजी चिकोरीचं मूळ भाजून पिण्याची सवय युरोपातली, टंचाईतून आलेली. नेपोलियनने 1806मध्ये इंग्रजी मालाची नाकेबंदी केली, वसाहतींतून येणारी कॉफी दुर्मीळ झाली आणि फ्रान्समध्ये घरोघर चिकोरी रुजली. काटकसरीचं पेय आहे हे. ते काटकसरीच्या भावातच मिळायला हवं. आपल्याकडे गुजरातेत आणि उत्तर प्रदेशात एटा भागात हे मूळ पिकतं, म्हणजे परदेशातून आणल्याचं कारणही देता येत नाही.

बरणी संपल्यावर रविवार पेठ गाठली. काष्ठौषधींच्या दुकानात ‘चिकोरी’ म्हटलं तर कधीकधी मान हलवतात, ‘कासनीचं मूळ’ म्हटलं की काढून देतात. पूड घेऊ नका, वाळलेले तुकडेच मागा. तुकडा मोडून बघा, टणक आवाज करत तुटला पाहिजे. वाकला तर ओल आहे, परत करा. माती राहिलेली असते, म्हणून घरी आणल्यावर कोरड्या कापडाने पुसायचे. धुतलेत तर पुन्हा कडक उन्हात वाळवावे लागतात आणि ते ऊन नेमकं हवं तेव्हा मिळत नाही. एवढं करूनही वजनाच्या हिशेबाने तयार बरणीच्या चौथाईच्या आत खर्च येतो.

दुकानातल्या काकांनी आपुलकीने सांगितलं, “ताई, यात थोडं ज्येष्ठमध टाका, साखर लागणार नाही.” चवीचा सल्ला उत्तम होता. पण आमच्या सासूबाईंना रक्तदाबाची गोळी चालू आहे, म्हणून त्यांना देण्याआधी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी साफ नाही म्हटलं. ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनमुळे शरीरात सोडियम धरून राहतं, पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. रोज पिण्याच्या पदार्थात ते नकोच. ‘हर्बल कॉफी’च्या पाकिटांवर घटकांत ज्येष्ठमध दिसलं तर घरातल्या ज्येष्ठांसाठी ते पाकीट घेऊ नका, एवढं कळकळीने सांगते. आता मी चिकोरीत फक्त चिमूटभर सुंठ घालते.

भाजण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण ते हाताला लवकर बसतं. लोखंडी कढईत मंद आच, सतत हलवणं, पंचवीस-तीस मिनिटं. ओटीजी (छोटी विजेची भट्टी) असेल तर 160 अंशांवर, मधूनमधून ट्रे हलवून. तुकडे एकसारख्या आकाराचे करून घ्या. मोठ्या आचेवर बाहेरून काळे आणि आतून पांढरट राहतात आणि कॉफीला कडवट, जळका वास येतो. काकवीसारखा वास सुटला की एक तुकडा मोडून आत बघायचं. आतपर्यंत सारखा तपकिरी झाला असेल तर लगेच परातीत पसरायचे, कारण गरम कढईत ते भाजतच राहतात. मंडईतून बीट आणून पातळ काप वाळवून तेही भाजून पाहिले. रंग देखणा येतो, पण गोडवा इतका की दूध घातल्यावर कॉफीची आठवणच होत नाही. बीट सोडून दिलं.

आता मुख्य तक्रार.

मार्च-एप्रिलमध्ये मी भेटेल त्याला ही कॉफी करायला सांगत होते. पूड मोकळी, चमच्यावरून घरंगळणारी. तेव्हा हा अनुभव लिहिला असता तर डोळे मिटून पूर्ण गुण दिले असते. मृगाचा पाऊस सुरू झाला आणि बरणीतली पूड आधी कडेला चिकटायला लागली, मग तिचं ढेकूळ झालं. त्यात चमचा शिरेना. सुरीने खरवडून काढलं तर चिकट काळपट खपल्या हाताला लागल्या. बरणी बदलली. रबराची चकती असलेली काचेची आणली, मग स्टीलचा घट्ट डबा. सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. दरवेळी फक्त चार दिवस जास्त मिळायचे. फ्रिजमध्ये ठेवणं तर सर्वांत वाईट. डबा बाहेर काढून उघडला की थंड पुडीवर हवेतली वाफ धरते आणि आत पुन्हा तेच.

हे का होतं तेही सांगते, कारण दोष साठवण्यात आहे असं समजून लोक डबे घेत राहतात. चिकोरीच्या मुळातलं मुख्य कर्बोदक म्हणजे इन्युलिन. भाजताना त्याचा काही भाग तुटून फ्रुक्टोज (फळांतली साखर) तयार होतं, त्यातलं थोडं करपतं आणि त्यानेच रंग आणि वास येतो. फ्रुक्टोज हवेतलं पाणी फार पटकन ओढून घेतं. म्हणजे जी गोष्ट चव देते तीच पूड बिघडवते. साध्या कॉफीच्या पुडीत हा त्रास इतका नसतो. शिवाय पूड जितकी बारीक तितका हवेला भिडणारा पृष्ठभाग जास्त. कोकणाइतका पाऊस पुण्यात पडत नाही हे खरं, पण जुलै-ऑगस्टमध्ये सिंहगड रस्त्याला नदीच्या बाजूला राहणाऱ्या माणसाने वाळवणाचा विचारही करू नये अशी हवा असते.

मिक्सर याच काळात बिघडला. तुकडे सादळले होते, ते दळताना भांडं तापलं, पूड पात्यांच्या खाली चिकटून बसली आणि पातं जाम झालं. भांडं मोटरला जोडणारा खालचा कपलर झिजून तुटला. सर्व्हिस सेंटरला नेलं तर तिथला मुलगा म्हणाला, “मॅडम, हे मसाल्याचं भांडं आहे, जडीबुटी दळायची नसते.” मी त्याला माहितीपुस्तिका उघडून दाखवली. त्यात हळद दळता येते असं छापलेलं आहे. हळकुंड चिकोरीच्या तुकड्यापेक्षा किती टणक असतं हे कुठल्याही स्वयंपाकघरातल्या माणसाला विचारा. मग म्हणाला ओलं दळलं असेल. ओलं दळायलाही तुमचंच दुसरं भांडं आहे, त्यात कपलर वेगळा आहे का, असं विचारल्यावर आत जाऊन आला आणि तोच शेरा लिहून दिला. कपलर ही काही शंभर रुपयांच्या घरातली वस्तू, पैसे भरून बदलून घेतली. पण त्यासाठी भांडं कितीतरी दिवस अडकवून ठेवलं आणि फोन केला की दरवेळी ‘पार्ट मागवलाय’. मुद्दा पैशांचा नाही असं मी म्हणणार नाही. पैशांचाही आहे आणि वेळेचाही.

मात्र याच दिवसांत मला या कॉफीचा खरा उपाय सापडला. मिक्सर नाही म्हणून सासूबाईंनी माळ्यावरचा लोखंडी खलबत्ता काढायला लावला. “अगं, दोन कपांपुरतंच कुटायचंय, त्याला वीज कशाला?” असं म्हणून त्यांनीच पहिली पूड कुटली. ती रवाळ होती, मला वाटलं कॉफी पातळ होईल. झाली नाही. भाजलेल्या चिकोरीतला पाण्यात विरघळणारा अंश कॉफीपेक्षा कितीतरी जास्त असतो, त्यामुळे बारीक दळायची गरजच नाही. उलट गाळ कमी आला आणि घशाला लागणारी पिठूळ चव गेली. मिक्सरची बारीक पूड स्टीलच्या साउथ इंडियन फिल्टरची भोकं बुजवायची आणि खाली थेंबही उतरायचा नाही. रवाळ पूड निदान उतरते, जरी मला पातेल्यातच उकळलेली आवडते. कपभर पाण्याला पाऊण चमचा, तीन-चार मिनिटं मंद उकळी, गाळून वर गरम दूध. कॉफीएवढी पूड घेतलीत तर कडू होईल.

तर माझं मत आता असं : पूड करून ठेवायचीच नाही. भाजलेले तुकडे घट्ट डब्यात ठेवायचे. तुकडेही सादळतात, पण हळू. नरम वाटले की ओटीजीत 100 अंशांवर दहा मिनिटं ठेवून पूर्ण गार होऊ द्यायचे, पुन्हा खणखणीत होतात. गार झाल्यावरच कुटायचे आणि दोन-तीन दिवसांपुरतेच. तयार पाकिटं विकणाऱ्यांनी हेच तुकडे का विकू नयेत, मला कळत नाही. फिल्टर कॉफीच्या मिश्रणात निदान 51 टक्के कॉफी असावी लागते असा आपल्याकडे नियम आहे आणि पाकिटावर प्रमाण छापलेलं असतं. या ‘हर्बल’ बरण्यांवर मात्र उघडल्यावर किती दिवस टिकेल एवढंही धड सापडत नाही.

दोन गोष्टी मात्र कॉफी कितीही आवडली तरी विसरू नका. सुरुवातीला आमच्याकडे मोठे मग भरून प्यायले गेले आणि ह्यांचं पोट फुगलं. इन्युलिन आतड्यात आंबतं, वायू धरतो. प्रमाण कमी केल्यावर त्रास गेला. दुसरी जास्त महत्त्वाची. मुळं भाजताना ॲक्रिलामाइड हे कर्करोगकारक असल्याचा संशय असलेलं रसायन तयार होतं. युरोपीय संघाच्या 2017च्या नियमावलीत भाजलेल्या कॉफीसाठी त्याची मार्गदर्शक पातळी किलोला 400 मायक्रोग्रॅम आहे आणि निव्वळ चिकोरीच्या पर्यायी कॉफीसाठी 4000. हे वाचल्यापासून मी दिवसाला एकच कप घेते, संध्याकाळचा. ‘नैसर्गिक आहे, कितीही प्या’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. चिकोरी शेवंती-झेंडूच्या कुळातली आहे. त्या फुलांची ॲलर्जी असेल किंवा पित्ताशयात खडे असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. सकाळची खरी फिल्टर कॉफी मी सोडलेली नाही, सोडण्याचा विचारही नाही.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली आहे आणि पूड पुन्हा मोकळी राहते. तरी कुटते खलबत्त्यातच. यंदा कच्चे वाळके तुकडे उन्हाळ्यात जास्तीचे आणून ठेवणार आहे, कारण न भाजलेले तुकडे भाजलेल्यांपेक्षा चांगले टिकतात असं दिसलंय. पावसाळ्यात थोडे-थोडे काढून भाजेन. रविवार पेठेत जाणार असाल तर मेअखेरीच्या आत जा. जूननंतर तिथलेही तुकडे वाकायला लागतात.