घरच्या घरी मोठी फिश टँक: काच, प्लाय, सिमेंट की जुनी टाकी?

मोठी टाकी करायची म्हटलं की आपण आधी लांबी ठरवतो. सहा फुटी करू, नाहीतर एकदाच आठ फुटी करून मोकळं होऊ. खर्च मात्र लांबीपेक्षा उंचीवर चढतो. पाण्याचा दाब खोलीवर ठरतो, टाकीत एकूण पाणी किती आहे त्यावर नाही. ६ फूट लांब, २ फूट रुंद आणि २ फूट उंच टाकी काठोकाठ भरली तर पुढच्या काचेवर साधारण ३४० किलोंचा जोर येतो. उंची दीड फुटावर आणली की तोच जोर १९० किलोंच्या आसपास उतरतो. गेलेलं पाणी रुंदी वाढवून परत मिळवता येतं: ६ बाय अडीच बाय दीड फुटाच्या टाकीत ६३७ लिटर पाणी मावतं, दोन फूट उंचीच्या टाकीत ६८० लिटर. फरक दोन-तीन बादल्यांचा, पण काच १२ मिलिमीटरवरून १० मिलिमीटरवर येते. अर्थात वरच्या काठाला आतून पट्ट्या आणि मध्ये आडवी पट्टी मारायलाच हवी.

म्हणून माझं मत आधीच सांगतो. सामान कुठलंही घ्या, उंची दीड फुटावर थांबवा. तळापर्यंत हात पोचतो, आणि पाण्याचा पृष्ठभाग रुंद असल्यामुळे हवा जास्त विरघळते. जूनच्या पहिल्या वादळात माडाची झावळ तारांवर पडून रात्रभर वीज गेली की या रुंदीचा उपयोग कळतो. अडचण एकच: टाकी भिंतीपासून अडीच फूट पुढे येते, आणि घरातलं कोणीतरी त्यावर बोलणारच.

आता सामान. ६ बाय अडीच बाय दीड फुटाच्या मापाला पूर्ण काचेच्या टाकीत साडेचाळीस चौरस फूट काच लागते. १० मिलिमीटरची काच दर चौरस मीटरला २५ किलो भरते, म्हणजे नुसती काच ९४ किलो. साधी फ्लोट काच घ्या. 'टफन्ड' घ्या म्हणून दुकानदार आग्रह करील, पण एकदा टफन केलेली काच नंतर कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही, आणि फुटली तर एका क्षणात तिचे बारीक तुकडे होतात. साधी काच बहुतेक वेळा तडकते, गळायला लागते आणि तुम्हांला बादल्या शोधायला थोडा वेळ देते. कडा पॉलिश करून मागा. सिलिकॉन व्हिनेगरसारखा वास येणारं, बुरशीनाशक न घातलेलं हवं. बाथरूमसाठी मिळणारं अँटी-फंगल सिलिकॉन माशांना विषारी ठरू शकतं. जोडणी झाल्यावर आठवडाभर तिला हात लावू नका. गोव्यात म्हापसा, मडगाव, फोंडा अशा ठिकाणी माशांच्या दुकानांतून टाक्या जोडून देणारे कारागीर मिळतात. पहिलीच मोठी टाकी असेल तर मजुरी देऊन त्यांच्याकडून घरी जागेवरच जोडून घ्या. तयार टाकी जिन्यावरून वर चढवण्यापेक्षा ते परवडतं.

प्लायचं गणित कागदावर फार गोड दिसतं. दोन फूट उंचीच्या टाकीसाठी ८ बाय ४ चा एक शीट घेतला तर त्यातून ६ बाय २ चे दोन तुकडे, म्हणजे तळ आणि पाठ, आणि उरलेल्या पट्टीतून २ बाय २ च्या दोन्ही बाजू निघतात. करवतीची जाडी धरली तर माप थोडं कमी भरतं, एवढंच. पुढच्या चौकटीसाठी थोडा जास्तीचा प्लाय लागतो. काच फक्त समोर, १२ चौरस फूट. तेवढ्यावर हिशेब संपला असता तर प्लायच जिंकला असता.

पण प्लाय आयएस ७१० या भारतीय मानकाचा, पाण्यात टिकणारा मरिन हवा, १८ किंवा १९ मिलिमीटरचा. वर इपॉक्सीचे हात, कोपऱ्यांत फायबरग्लासची पट्टी, स्क्रू, वरून पट्ट्या. आपल्याकडे मालीम, कुटबण, खारीवाडा अशा जेटींच्या आसपास होड्यांना फायबर मारणारे लोक असतात, त्यामुळे हात मिळतो. मात्र होड्यांना सहसा पॉलिएस्टर रेझिन लावतात. ते लाकडाला इपॉक्सीइतकं घट्ट धरत नाही, आणि नीट सुकलं नाही तर त्याचा उग्र वास पाण्यात उतरतो. इपॉक्सी महाग, पण इथे काटकसर नको. पावसाळ्यात हे काम काढूच नका. ओलसर प्लायवर आणि दमट हवेत इपॉक्सीवर पांढुरकी साय येते आणि पुढचा हात धरत नाही. नोव्हेंबर ते एप्रिल हाच काळ. बाहेरची बाजूही रंगवायची, तळ जमिनीपासून उचलून ठेवायचा. नाहीतर आत मासे आणि बाहेर वाळवी, दोन्ही सुखाने नांदतील.

सहा फुटांपर्यंत हा सगळा खटाटोप करून काचेच्या तुलनेत फारसं वाचत नाही. आठ फुटांच्या पुढे गेलात आणि तीन बाजू दिसल्या नाहीत तरी चालणार असेल, तिथे प्लाय खरा स्वस्त पडतो.

सिमेंटची टाकी मला वैयक्तिक सगळ्यांत आवडते, पण ती स्वतःच्या घरात, तळमजल्यावर, आणि पुढची पंधरा-वीस वर्षं तिथेच राहणाऱ्याने करावी. बल्कांवच्या (घरापुढच्या बसायच्या ओसरीच्या) बाजूला किंवा अंगणात छप्पराखाली तिला छान जागा मिळते. भिंत चिऱ्यांची, म्हणजे जांभ्या दगडाची, नको. चिरा सच्छिद्र असतो आणि पाणी झिरपत राहतं. आरसीसी किंवा पक्की वीट, आतून वॉटरप्रूफ प्लास्टर, वर खाण्यापिण्याच्या पाण्याला चालणारा इपॉक्सी रंग. काच बसवताना ती चौकटीच्या आतल्या बाजूला, चारही कडांना निदान दोन इंच टेकेल अशी बसवा, म्हणजे पाण्याचा दाब तिला सिलिकॉनवर घट्ट दाबतो. बाहेरून बसवली तर तोच दाब तिला ढकलून काढायला बघतो. गवंडी हे हमखास उलटं करतात, तेव्हा त्या दिवशी तिथे उभे राहा. प्लायच्या टाकीलाही हाच नियम.

सिमेंटमधून चुना सुटतो. आपल्या जांभ्या दगडाच्या भागातल्या विहिरींचं पाणी मऊ आणि किंचित आंबट असतं, त्याला हा चुना पचवता येत नाही, आणि पीएच झपाट्याने वर जातो. रंग दिला नसेल तर तीन-चार आठवडे टाकी भरायची, ठेवायची, ओतायची, पुन्हा भरायची. पण कालुंदर पाळायचं असेल तर थोडा चुना उलट चांगलाच. खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या पाणथळ शेतांतला, हा मासा कडक आणि किंचित खाऱ्या पाण्यात खूश असतो. आपण त्याला ताटात जास्त ओळखतो, पण टाकीत तो ताटापेक्षा बराच देखणा दिसतो.

राहिली जुनी टाकी. एखादं हॉटेल नूतनीकरणाला निघालं किंवा कोणी फ्लॅट बदलला की मोठ्या टाक्या निम्म्याहून कमी भावात जातात. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने हाच पर्याय आधी बघावा. काचेच्या कडांवरून बोट फिरवून टवके शोधा, सांध्यातलं सिलिकॉन नखाने ओढून बघा. विकणाऱ्याच्या अंगणातच भरून दोन-तीन दिवस ठेवायला सांगा. तो कुरकुर करू लागला तर सोडून द्या. गळणाऱ्या सांध्यावर वरून नवं सिलिकॉन फासून उपयोग नाही, कारण जुन्या सुकलेल्या सिलिकॉनला नवं चिकटत नाही. सगळं खरवडून टाकी पुन्हा जोडावी लागते, आणि ती मजुरी भावात धरूनच बोला.

कुठलीही टाकी घेतलीत तरी वजन टळत नाही. पाणी, काच, वाळू, दगड मिळून नऊशे किलोंच्या घरात जातं. घराच्या स्लॅबचा हिशेब साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो धरून होतो; ही टाकी आपल्या पायाखालच्या जागेवर तिप्पट भार टाकते. वरच्या मजल्यावर असाल तर ती भिंतीला लागून, बीमवर आडवी येईल अशी ठेवा, आणि आधी इंजिनियरला विचारा. जुन्या घरातल्या लाकडी माडीवर तर विषयच नको. तळमजल्यावर स्टँडसाठी चिऱ्यांसारखं स्वस्त काही नाही: तीन-चार चिऱ्यांचे खांब, वर कडाप्पा, त्यावर थर्मोकोल. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत लोखंडी स्टँड गंजतो, पण चिऱ्याला काही होत नाही. चारही कोपरे गवंड्याच्या लेव्हल पाइपने मापून घ्या.

आता महिन्याचा खर्च. आपल्या हवेत हीटर लागत नाही, तो पैसा फिल्टरकडे वळवा. पंप असा घ्या की वर चढवल्यावरही तो तासाला अडीच हजार लिटर देईल. डब्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. ४० वॅटचा पंप दिवसरात्र चालला तर महिन्याला २९ युनिट जातात. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं म्हणजे १६० लिटर. परसात विहीर असेल तर प्रश्न नाही. नळ असेल तर क्लोरीन उडायला पाणी दिवसभर हवा सोडून ठेवावं लागतं. आणि मे महिन्यात ज्या वाड्यावर टँकर येतो तिथे एवढी मोठी टाकी करण्याआधी शेजाऱ्यांची तोंडं आठवा. नवीन टाकीत फिल्टरमध्ये माशांची घाण पचवणारे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर मासे मोजकेच. दुकानात 'शार्क' म्हणून बोटभर विकला जाणारा मासा खरं तर पंगास असतो आणि तो तीन फुटांच्या वर वाढतो, त्याला ही टाकीसुद्धा पुरत नाही.

खाली संप, म्हणजे फिल्टरची दुसरी टाकी, ठेवणार असाल तर मासे आणण्याआधी एक चाचणी करा. सगळं भरून पंप चालू करा आणि मग बटण बंद करा. ६ बाय अडीच फुटांच्या टाकीतून एक इंच पाणी उतरलं तरी ३५ लिटर खाली येतं. ते संपमध्ये मावलं पाहिजे. मावलं नाही तर परतीच्या (संपमधून पाणी वर आणणाऱ्या) पाइपला पाण्याच्या रेषेखाली लगेच एक बारीक भोक पाडा, म्हणजे पाणी तिथवर उतरताच पाइपात हवा शिरते आणि उलटा ओघ तुटतो. भोक शेवाळाने बुजतं, म्हणून दर पाणी बदलताना त्यातून काडी फिरवायची.