सर्क्युलर सॉ: मोटर झकास, बेस प्लेटने मात्र डोकं उठवलं

सर्क्युलर सॉ म्हणजे गोल ब्लेडची, हातात धरून चालवायची विजेची करवत. माझं मशीन 185 मिमी ब्लेडचं, 1200 वॉटच्या आसपासचं. पावसाळा-हिवाळा दोन्ही काढले, काम बहुतेक 18 मिमी प्लायचं. बाकी माहिती खोक्यावर आहेच, म्हणून थेट दुखण्यावर येतो.

बेस प्लेट, म्हणजे मशीन लाकडावर जिच्यावर टेकून सरकतं ती, पत्रा दाबून केलेली आहे आणि ब्लेडला समांतर नाही. तपासायचं असं: प्लग काढा, ब्लेड पूर्ण खाली घ्या, गार्ड (ब्लेडवरचं झाकण) वर धरा. एका दात्यावर मार्करने खूण करा. तो पुढे असताना प्लेटच्या कडेपर्यंतचं अंतर व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या कॅलिपरने) मोजा, मग तोच दाता मागे फिरवून पुन्हा मोजा. इथे फरक अर्ध्या मिमीहून जास्त! पुढच्या दात्यांनी कापलेल्या फटीत मागचे दाते एका अंगाला घासत जातात. कड काळी पडते, सनमायका कुरतडल्यासारखा दिसतो, ब्लेड तापतं. सर्व्हिस सेंटरचं म्हणणं, ‘टॉलरन्समध्ये (चालण्याजोग्या फरकात) आहे.’ किती टॉलरन्स ते लेखी द्या म्हटलं, तर विषयच बंद.

शेवटी मागच्या ब्रॅकेटचा स्क्रू सैल करून कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा घड्या घालून सरकवला. कॅनचा पत्रा साधारण 0.1 मिमी जाड असतो, त्यामुळे एकेक घडी वाढवत माप जुळवता येतं. खर्च शून्य. हे काम कारखान्यात व्हायला हवं होतं, एवढंच.

मोटरबद्दलचं मत मात्र बदललं. सोबत आलेल्या 24 दात्यांच्या ब्लेडवर ती दमल्यासारखी वाटायची. प्लेट सरळ केली, मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून 60 दात्यांचं टीसीटी (टंगस्टन कार्बाइडच्या टोकांचं) ब्लेड आणलं, आणि तीच मोटर 19 मिमी बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणारा) प्लायही कुरकुर न करता कापते. मात्र हळू ढकलायचं, बारीक दात्यांत भुसा लवकर अडकतो. ब्लेड घेताना मधलं भोक 20 मिमी की 25.4, ते आधी बघा.

फ्लॅटमध्ये आठ बाय चार फुटांचा शीट उभ्याने कापायचा प्रश्नच नाही आणि लिफ्टमध्येही तो सहसा मावत नाही. दुकानातूनच एक-दोन सेमी जास्त ठेवून तुकडे करून आणा. घरी चार रिपा जमिनीवर टाकून त्यावर प्लाय ठेवा, चिरेच्या दोन्ही बाजूंना आधार हवाच. नाहीतर शेवटी तुकडा लोंबतो, ब्लेड आवळलं जातं आणि मशीन अंगावर उसळतं. दाते खालून वर येतात, त्यामुळे चिपा वरच्या बाजूने उडतात. चांगली बाजू खाली ठेवा. दोन्हीकडे सनमायका असेल तर मास्किंग टेप लावून आधी 2 मिमी खोलीची रेघ मारा, मग जाडीपेक्षा 5 मिमी जास्त खोलीवर पूर्ण कापा. ब्लेड रिपांत थोडं घुसतं, घुसू द्या.

भुशाच्या नळीबद्दल न बोललेलं बरं.

पावसात प्लेटला गंज धरला. काचपेपर मारून मेणबत्ती घासली की गाइडपट्टीलगत मशीन सुळकन सरकतं. पुढचं मशीन घेताना व्हर्नियर खिशात घेऊन जाणार, मोजू देत नसतील तर दुकान बदलणार.