ब्रॉन्टे बहिणी: कॅथरीन रीफ की गॅस्केलबाई?

भाचीने विचारलं, मावशी, शार्लट, एमिली, ॲन या इंग्रज लेखिका बहिणींचं चरित्र आधी कुठलं वाचू, तर मी सरळ रीफचं दिलं. 2012 चं आहे, टीनएजर्ससाठीच लिहिलंय आणि तिघींनाही जागा मिळते, म्हणजे 1846 मध्ये टोपणनावांनी कवितांचं पुस्तक काढलं आणि प्रती खपल्या फक्त दोन, हे वाचून पोरगी खो खो हसली, मग 1848 च्या सप्टेंबरात भाऊ गेला, डिसेंबरात एमिली आणि पुढच्या मेमध्ये ॲन, तिथे एकदम गप्प. गॅस्केलबाईंचं 1857 चं, त्या शार्लटच्याच मैत्रीण, त्यामुळे पत्रं भरपूर, हॉवर्थ गावातलं बहिणींचं ते कबरींशेजारचं घर डोळ्यासमोर उभं राहतं, पण ब्रसेल्समधल्या लग्न झालेल्या सरांवरचं शार्लटचं प्रेम बाईंनी चक्क झाकलंय! मला तरी गॅस्केलबाईंचंच जास्त आवडतं, पण पंधराव्या वर्षी नको बाई.