सात महिने त्या जुन्या घरांत: कौटुंबिक रहस्यांचे थ्रिलर वाचून आलेला अनुभव

गेले सात महिने रात्री झोपण्याआधी मी एकाच जातीची पुस्तकं वाचते आहे. इंग्लंडच्या ग्रामीण भागातलं जुनं, अवाढव्य घर, त्यातलं कुटुंब, आणि त्या कुटुंबाने दोन-तीन पिढ्या पोटात ठेवलेली एक गोष्ट. एकवीस पुस्तकं झाली, त्यातली पाच दुसऱ्यांदा वाचली. पहिल्या महिन्यात लिहायला बसले असते तर सगळ्यांचं भरभरून कौतुक केलं असतं. दुसऱ्या वाचनाने मत बदललं.

सगळ्यात आधी विरतो तो शेवटचा धक्का. आणि ही पुस्तकं विकली जातात ती नेमकी त्याच्यावर. मलपृष्ठावर 'शेवट वाचून हादराल' असं छापलेलं असलं की आपण पहिल्या पानापासून माणसं बघायची सोडून संशयित शोधायला लागतो. तिसऱ्या महिन्यापासून मी मलपृष्ठ वाचणंच बंद केलं, आणि वाचनाची गोडी खरंच वाढली.

टिकतं ते गप्प बसण्यामागचं कारण. गुपित काय आहे यापेक्षा ते इतकी वर्षं का जपलं, हे पटलं तर पुस्तक पुन्हा वाचावंसं वाटतं. इथे तिथल्या कायद्याची थोडी माहिती फार उपयोगी पडते. इंग्लंडमध्ये 1926 पर्यंत मूल कायदेशीररीत्या दत्तक घ्यायची सोयच नव्हती. लग्नाआधी झालेलं मूल नातेवाइकाचं म्हणून, नाहीतर आजीचंच म्हणून वाढवलं जाई. पुढे 1975 च्या कायद्याने सज्ञान झालेल्या दत्तक मुलांना आपली मूळ जन्मनोंद मागायचा हक्क मिळाला. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी बंद केलेलं प्रकरण एका अर्जाने उघडू शकत होतं. 1882 च्या आधीच्या काळातली कथा असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची: लग्न झालं की बाईची मालमत्ता बहुतेक नवऱ्याच्याच ताब्यात जात असे. घरातली सून सगळं माहीत असूनही तोंड का उघडत नाही, याचं उत्तर बऱ्याचदा तिथेच असतं. चांगल्या लेखिका हे समजावत बसत नाहीत, पण त्यांच्या पात्रांच्या वागण्यात ते मुरलेलं असतं.

घराचंही तसंच. धुकं, पाऊस, करकरणारा जिना एवढ्यावर भागवणारी पुस्तकं मी आता अर्ध्यात सोडते. या घरांची खरी भीती त्यांच्या रचनेत आहे. मालकांचा भाग आणि नोकरांचा भाग यांच्यामध्ये हिरव्या बनातीने (जाड लोकरी कापडाने) मढवलेलं, पितळी खिळे ठोकलेलं दार असे, पलीकडचा आवाज आणि स्वयंपाकाचा वास इकडे येऊ नये म्हणून. खाली नोकरांच्या बोळात घंटांची रांग, प्रत्येकीखाली खोलीचं नाव. घंटा स्प्रिंगवर टांगलेली असे, त्यामुळे आवाज थांबला तरी ती काही वेळ हलत राही आणि कुठल्या खोलीतून बोलावणं आलं ते कळे. म्हणजे कोण रात्री जागं आहे, कोणाच्या खोलीत दोनदा चहा गेला, हे खालच्या माणसांना ठाऊक. ज्या पुस्तकात मोलकरणीला काहीच माहीत नसतं, त्या पुस्तकावर माझा विश्वास बसत नाही.

यातलं सगळं एकत्र बघायचं असेल तर 1938 सालची 'रेबेका' वाचा. डॅफ्नी द्यू मॉरिएने ती लिहायला घेतली तेव्हा ती नवऱ्याच्या नोकरीमुळे इजिप्तमध्ये, अलेक्झांड्रियाच्या उन्हात होती. कथा घडते त्या कॉर्नवॉलची, इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या किनारी भागाची, ओढ पानापानांत जाणवते. निवेदिका म्हणजे घरमालक द विंटरची दुसरी बायको; पहिली, रेबेका, वारलेली. निवेदिकेचं नाव शेवटपर्यंत कळत नाही. नव्या घरात आल्यावर घरातल्याच फोनवर कोणीतरी मिसेस द विंटर आहेत का विचारतं, आणि ही घाबरून सांगते की त्यांना जाऊन वर्ष उलटलं. मिसेस द विंटर आता ती स्वतःच असते. पलीकडे असते हाऊसकीपर. ना खून, ना किंचाळी, तरी माझ्या हातापायांतलं बळ गेलं होतं. दुसऱ्या वाचनात तो प्रसंग आणखी खोल लागला.

तक्रारी दोन. माळ्यावर सापडलेल्या डायरीत वीस वर्षांपूर्वीचे संवाद शब्दशः असतात, ते पटत नाही. दुसरी मला मनापासून टोचते: काहीच जुळेना की एखाद्या मानसिक आजार असलेल्या माणसावर सगळं ढकलायचं. 1847 च्या 'जेन आयर' कादंबरीतली, वेडी म्हणून माळ्यावर कोंडलेली नायकाची बायको आजही किती पुस्तकांत तशीच वावरते! तिची बाजू कोणीतरी ऐकावी असं प्रत्येक वेळी वाटतं.

वाचायचं कसं? दोन काळांत चालणारी कथा मी ऑडिओवर ऐकून पाहिली. तिसऱ्या प्रकरणात सालं आणि आत्या-मावश्यांचा गोंधळ झाला. फोनवरही सारखं मागे जाणं जमत नाही. पहिल्या पानावर वंशवृक्ष असेल तर छापील प्रतच घ्या, आणि एका कागदावर घराच्या खोल्या काढत जा. दार कुठल्या बाजूने उघडतं तेही लिहा.