वीस डायऑप्टरचे भिंग, अकरा महिन्यांनंतर: तक्रार एका रेघेची

डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणून आलेल्या रुग्णाच्या दृष्टिपटलाची (डोळ्याच्या आतल्या पडद्याची) कड मी हातात धरायच्या वीस डायऑप्टर ताकदीच्या भिंगातून तपासत होते आणि प्रतिमा काही केल्या स्वच्छ होईना. मध्यभाग बरा दिसे, पण कडेच्या रक्तवाहिन्या ओढल्यासारख्या लांबट दिसत, आणि भिंगाच्या दोन्ही पृष्ठभागांवरून परतणाऱ्या दिव्याच्या तिरिपा भिंग किंचित तिरके करूनही बाजूला सरत नव्हत्या. मी आधी डोक्याला बांधलेल्या हेडसेटच्या दिव्याला दोष दिला, मग बाहुली पुरेशी विस्फारली नाही असे ठरवून थेंब पुन्हा घालायला लावले. शेवटी कनिष्ठ सहकाऱ्याने दबक्या आवाजात विचारले, “मॅडम, भिंग उलटं तर नाही ना धरलं?”

धरले होते.

या भिंगाची जास्त फुगीर बाजू तपासणाऱ्याकडे आणि कमी फुगीर बाजू रुग्णाकडे असावी लागते. कोणती कुठली, हे नुसत्या डोळ्यांना पटकन कळत नाही. त्यासाठी कड्याच्या एका काठावर पांढरी रेघ असते, ती रुग्णाकडे ठेवायची. माझ्या भिंगावरची ती रेघ आठ महिन्यांत पुसून गेली.

बाकी भिंगाबद्दल वाकडे बोलण्यासारखे फारसे नाही. रुग्णाच्या डोळ्यापासून साधारण पाच सेंटिमीटरवर धरले की तिप्पट मोठी आणि सुमारे ४६ अंशांची प्रतिमा एका नजरेत येते. डायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोप (डोळ्याजवळ धरून थेट आत पाहायचे उपकरण) पंधरापट मोठे दाखवतो खरा, पण त्यात हत्तीची नुसती शेपटीच हाती लागते. प्रतिमा वरची खाली आणि डावीची उजवीकडे दिसते, याची सवय व्हायला मला दोन महिने लागले. दृष्टिपटलाची घड्याळासारखी आकृती काढताना कागदच उलटा, म्हणजे बाराचा आकडा रुग्णाच्या पायांकडे, ठेवू लागल्यावर गोंधळ मिटला. सुरुवातीला मी सर्वांना सांगत असे की त्यापेक्षा अठ्ठावीस डायऑप्टरचे घ्या, लहान बाहुलीतूनही भागते आणि क्षेत्र मोठे मिळते. ते मत आता मागे घेते. त्यातून प्रतिमा जेमतेम सव्वादोनपट होते, आणि रोजच्या कामात ते मोठेपण मला कमी पडते.

तर रेघ. मी विक्रेत्याला लिहिले. दिखाऊ भागाची झीज हमीत बसत नाही, असे उत्तर आले. ‘दिखाऊ’ या शब्दाने माझे डोके फिरले, आणि भांडायला मुद्दे हवेत म्हणून मी सोबतचे माहितीपत्रक प्रथमच नीट वाचले. त्यात कोमट पाणी, सौम्य साबण आणि धागे न सोडणारे मऊ कापड वापरा, स्पिरिट लावू नका, असे स्वच्छ लिहिलेले होते. मी प्रत्येक रुग्णानंतर स्पिरिटचाच बोळा फिरवत होते. म्हणजे निम्मा दोष माझा. तरीही जी वस्तू दिवसातून वीस वेळा पुसली जाणार, तिच्यावरची एकमेव खूण रंगाची असावी, कोरलेली नसावी, हे मला आजही पटत नाही.

रेघेपायी नवे भिंग घेणे माझ्या स्वभावात बसत नाही. ट्यूबलाइटचे प्रतिबिंब दोन्ही बाजूंनी पाहिले. जास्त फुगीर पृष्ठभागावर ते लहान दिसते. त्याच्या विरुद्ध बाजूच्या काठावर, काचेला लागू न देता, पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका दिला. साबणाने धुऊन तीन महिने झाले, ठिपका जागेवर आहे.