गाडीत झोपायची गादी: पाठ दुखत असेल तर हवेची की फोमची?

मागच्या सीटवर पसरायची, 12 व्होल्टच्या पंपाने फुगणारी हवेची गादी स्वस्त आणि सुटसुटीत. पण पाठीचा त्रास असेल तर ती घेऊच नका. कुशीवर वळलं की खुबा खाली जातो, कंबर वाकते. गारठा वाढला की आतला दाब उतरतो आणि ऐन पहाटे गादी ढिली पडते.

फोमची तीन घड्यांची गादी कितीतरी बरी. खाली 5 सेंमी रिबॉन्डेड (फोमचे तुकडे दाबून-चिकटवून केलेला टणक फोम), वर 3 ते 5 सेंमी मऊ फोम, अशी गादीवाल्याकडून मापाने करून घ्या. नुसता रिबॉन्डेड खांद्याला रुततो. घडीचा सांधा कुठे येतो ते बघाच: 180 सेंमीचे तीन सारखे भाग केले की सांधे 60 आणि 120 सेंमीवर येतात, कंबर मधल्या तुकड्यावर राहते. दोन घड्यांच्या गादीत सांधा 90 वर, म्हणजे थेट खुब्याखाली.

खरी गोम गादीखाली असते. बऱ्याच एसयूव्हींमध्ये दुमडलेली सीट सपाट होत नाही, पायरी किंवा उतार राहतो. कितीही महाग गादी तो लपवत नाही. 12 मिमी प्लाय टाकून, खालून नीट टेकू देऊन तळ सपाट करा. गाडी उतारावर असेल तर डोकं चढाकडे.

उताणं झोपताना गुडघ्याखाली, कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी हवीच. उठताना आधी कुशीवर वळा, पाय डिकीबाहेर सोडा, मग हाताच्या रेट्याने बसा. म्हणून गादी टाकल्यावर छतापर्यंत बसता येईल एवढी उंची उरते का, हे प्लाय कापण्याआधीच मोजा.