शिवभोजन थाळी: उशिरा लिहितोय पण लिहितोय
राज्य सरकारची ही गरिबांसाठीची स्वस्त थाळी 26 जानेवारी 2020 ला 10 रुपयांत सुरू झाली तेव्हा आमच्या सोसायटीत चेष्टा चालायची, मग लॉकडाऊन लागला, रेट 5 वर आला, आणि एप्रिल 2021 च्या निर्बंधांत तर थाळी फुकटच मिळायला लागली. दोन चपात्या, 100 ग्रॅम भाजी, 150 ग्रॅम भात, 100 ग्रॅम वरण. चव साधी, घरच्यासारखी, भात मोकळा.

प्रॉब्लेम क्वांटिटीचा. एका माणसाचं भागतं हो, पण लाईनीत कोण असायचं तर रिक्षावाले नाहीतर धुणीभांडी करणाऱ्या, कडेवर पोर, कामं बंद म्हणजे पैसे बंद, आणि एका पार्सलात आई अन् दोन लहानगी. तिखट भाजी तीन वर्षांचं पोर खाणार का? त्याला वरणभात, आईला उरल्या चपात्या. दुधाचं तर नावच नको. त्याच वेळी आमचा पगार चालू, आमचं टेन्शन काय, तर नर्सरीच्या ऑनलाईन क्लासला टॅब घ्यायचा का मोबाईलवर भागवायचं!

चार स्टार. पाचवा कापला कारण लहान मुलांसाठी वेगळं काहीच नव्हतं, निदान एक केळं तरी ठेवायचं ना.